सुजाताच्या साडीचा रंग

रसिक : एक प्रश्न मी आजवर कितीतरी जणींना विचारून पाहिलाय. ‘सुजाता’मधल्या नूतनच्या साडीचा रंग कोणता? सगळ्या क्षणभर थबकतात. कुणी फिका निळा सांगते, कुणी बदामी, एकीने तर छातीठोकपणे सांगितलं, हिरवट. चित्रपट १९५९ सालचा, कृष्णधवल. पडद्यावर रंग नाहीच. तो ज्या त्या बाईने आपल्या घरच्या कपाटातून आणलेला असतो. नूतनच्या पेहरावाचं मोठेपण मला इथे दिसतं. तिच्या अंगावरची वस्तू पाहणारीला आपली वाटते. साधी सुती साडी, अंगाबरोबरचा ब्लाउज, मागे घेतलेले केस, दागिना असून नसल्यासारखा. त्या काळातल्या कितीतरी नट्यांचे चमकीचे पोशाख आज पाहिले की आधी साल आठवतं आणि मग बाई दिसते. नूतनच्या बाबतीत आधी बाई दिसते. त्या वेषातली मुलगी आज दादरच्या फलाटावर लोकलची वाट पाहत उभी राहिली, तर ती साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची आहे हे कुणाच्या ध्यानातही येणार नाही.

साशंक : रंग नाही म्हणून तर ते कपडे जुने होत नाहीत. मग श्रेय नूतनला द्यायचं की फिल्मच्या रिळाला? कृष्णधवल चित्रणात लाल आणि हिरवा हे दोन रंग पुष्कळदा एकाच राखाडी छटेत उतरतात. अगदी भडक गुलाबी साडीसुद्धा त्यात सोज्वळ दिसू शकते. पांढऱ्याचं तर आणखीच वेगळं. शुभ्र कापड दिव्यांखाली भगभगतं, त्यापुढे चेहरा काळवंडतो. म्हणून असे कपडे चहाच्या पाण्यात बुडवून किंचित मळकट करून घ्यायची रीत चित्रपटाच्या धंद्यात जुनी आहे. म्हणजे पडद्यावर आपण जे पांढरं म्हणून पाहतो ते मुळात पांढरं नसतंच. शिवाय सुती साडी दोन तासांत चुरगळते. एकच प्रसंग चार दिवस चित्रित होत असेल तर चौथ्या दिवशीची चुणी पहिल्या दिवशीच्या चुणीला जुळवावी लागते. खळ किती घालायची, पदर कुठे टाचायचा, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. जरीच्या शालूमागे असतात तितकेच हात या साधेपणामागेही असतात, फक्त ते दिसू द्यायचे नसतात. जी गोष्ट इतक्या खटपटीने उभी केली तिला ‘साधी’ म्हणून हात जोडायचे, हे मला पटत नाही.

रसिक : खटपट आहे हे मला कबूल आहे. पण साधं वरण करायलाही खटपट लागतेच की. फोडणी नसलेल्या वरणात डाळ जुनी असेल तर कळते, हिंग जास्त पडला तर कळतो, नीट घोटलं नसेल तर पहिल्या घासाला कळतं. आमटीत हे सगळं झाकता येतं. नूतनने झाकण्याची सोय स्वतःहून सोडून दिली होती. ‘सुजाता’तला टेलिफोनचा प्रसंग आठवा. पलीकडून सुनील दत्त गातोय, अलीकडे ती रिसीव्हर कानाशी धरून नुसती ऐकतेय. नटीला यात करण्यासारखं काय आहे? बोलायचं नाही, फिरायचं नाही, हातही गुंतलेले. कमल बोस यांचा कॅमेरा तिच्यावरून हलायला तयार नाही आणि त्या चेहऱ्यावर आनंद, भीती आणि आपल्याला हे मिळणं शक्य नाही ही जाणीव, तिन्ही एकामागोमाग येऊन जातात. तिथे कानात लखलखणारे झुमके असते, खांद्यावर भरजरी पदर असता, तर आपली नजर वाटेत चार ठिकाणी अडकली असती.

‘बंदिनी’त तर याहून पुढची गोष्ट आहे. १९६३ साल, ‘सुजाता’चेच दिग्दर्शक बिमल रॉय, कॅमेऱ्यामागे पुन्हा कमल बोस. तुरुंगातली जाडीभरडी पांढरी साडी आणि मागे भिंत. पण नूतनची कल्याणी विष घालायचं ठरवते तो क्षण बघा. शेजारी लोखंडाचं काम चाललंय, ठोक्यांचा आवाज आणि ठिणग्यांचा लखलखाट तिच्या चेहऱ्यावर येतो-जातो. एक शब्द नाही. माणूस गुन्ह्याच्या काठावर येऊन आत पडतो कसा, हे त्या चेहऱ्यावर घडताना दिसतं. अशा वेळी कपड्याने एवढंच करायचं असतं, मधे यायचं नाही. ज्या नटीला हे कळतं तिची शैली जुनी होत नाही, कारण तिने आपली शैली कपड्यावर ठेवलेलीच नसते.

आणि तुलनाच करायची तर मी कमी दर्जाच्या कामाशी करणार नाही. आपल्या कोल्हापूरच्या वेशभूषाकार भानू अथैया घ्या. ‘वक्त’मध्ये त्यांनी साधनाला घातलेला अंगासरशी शिवलेला कुर्ता आणि चुडीदार, ‘ब्रह्मचारी’त मुमताजला नेसवलेली ती शिवल्यासारखी घट्ट साडी. अव्वल दर्जाचं काम. गावोगावच्या शिंप्यांनी ते पाहून कपडे बेतले, मुलींनी ते हौसेने घातले. पण त्याची नक्कल करता आली म्हणूनच त्याला तारीख चिकटली. नूतनची नक्कल करायला शिंप्याकडे काय घेऊन जाणार? तिथे शिवून आणण्यासारखं काहीच नाही.

साशंक : तुम्ही चेहऱ्याबद्दल बोललात ते सगळं खरं आहे. टेलिफोनच्या प्रसंगाला माझ्याही घशात आवंढा येतो. पण तुम्ही सुजाता कोण आहे हे बाजूला ठेवून तिच्या साडीबद्दल बोलताय, आणि माझं भांडण तिथेच आहे. कॉलऱ्यात आईबाप गेलेली अस्पृश्य मजुरांची पोर ती. इंजिनिअरच्या घरात वाढते. घरात बरोबरीची रमा आहे, शशिकलाने केलेली. रमा कॉलेजात जाते, बॅडमिंटन खेळते, नाचते, तिचा वाढदिवस थाटाने होतो. सुजाता घर सांभाळते आणि बागेतली झाडं बघते. आई तिची ओळख ‘मुलगी’ म्हणून करून देत नाही, ‘मुलीसारखी’ म्हणून करून देते. त्या घरात रमाला काय मिळतं आणि सुजाताला काय, हे दोघींच्या कपड्यांवरूनही कळतं. सुजाताने साधी साडी निवडलेली नाही, तिच्या वाट्याला ती आलेली आहे. आणि तुम्ही-मी, कपाट उघडून आज काय नेसू म्हणून उभ्या राहणाऱ्या बायका, त्या साडीला अभिजात शैली म्हणतो. एकीच्या नशिबी आलेलं उणेपण दुसरीला सौंदर्य म्हणून दिसतं. असं पाहणं मला निष्पाप वाटत नाही.

महाराष्ट्रात तर या विषयावर बोलताना जास्तच जपून बोलायला हवं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब बायकांशी बोलले तेव्हा त्यांनी लुगड्याबद्दल सांगितलं होतं. वरच्या जातीच्या बायका नेसतात तसं नेसा. तुमची नेसण्याची तऱ्हाच तुमची जात लांबून ओळखू देते, ती खूण पुसून टाका. फाटकं असलं तरी चालेल, पण स्वच्छ असू द्या. गळाभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंत चढवलेल्या चांदी-कथलाच्या गोठपाटल्यांबद्दलही ते बोलले. एवढं मोठं आंदोलन उभं असताना त्यांना लुगड्याच्या निऱ्यांबद्दल बोलावंसं वाटलं, कारण कापड किती खाली पोचायचं हेसुद्धा इथे जातीने ठरवून दिलं होतं. ‘साधी राहणी’ हा आपल्याकडे सद्गुण म्हणून शिकवला जातो. मला नेहमी विचारावंसं वाटतं, तो शिकवला कुणी आणि पाळायला लावला कुणाला?

रसिक : महाडचं तुम्ही काढलंत ते बरं झालं. पण त्या भाषणात दोन गोष्टी आहेत आणि तुम्ही त्यातल्या एकीवरच थांबलात. लुगडं खाली आणा, हे एक. आणि अंगावरचं ते ओझं उतरवा, हे दुसरं. म्हणजे तिथे दागिना उतरवणं हीच सुटका होती. त्या गळसऱ्यांनीही जातच सांगितली जात होती. मग साधेपणा नेहमी वरून लादलेलाच असतो असं कसं म्हणता येईल?

साशंक : तसं मी म्हणणार नाही. पण महाडला ज्यांनी दागिने उतरवले त्या बायकांनी स्वतःच्या हाताने उतरवले, आणि लुगडं आपल्या मनाने खाली आणलं. निर्णय त्यांचा होता. सुजाताला कुणी विचारलं? सारा फरक मला त्या विचारण्यात दिसतो.

रसिक : सुजाताला कुणी विचारलं नाही हे खरं. पण तेच दाखवण्यासाठी तो चित्रपट आहे. त्या चुलीपासून दिवाणखान्यापर्यंतच्या जगात आपल्या मराठी बायकाच वावरतात, हे तुमच्या लक्षात आलंय का? आई सुलोचनाबाई, आत्या ललिता पवार, रमा शशिकला आणि सुजाता नूतन. कथा सुबोध घोषांची, दिग्दर्शक बंगाली, वातावरण बंगाली. पण एका मुलीला घरात ठेवून घ्यायचं आणि तरी घरात घ्यायचं नाही, हे त्या चौघींना कुणी शिकवावं लागलं असेल असं मला वाटत नाही. सुलोचनाबाईंच्या मायेत जो आखडलेपणा आहे तो आपल्याकडच्या माजघरातला आहे. आणि नूतन त्या साडीत मिरवत नाही. ती त्या साडीत स्वतःला आवरून बसते, जणू आपण किती जागा व्यापावी याचा हिशेब तिच्या मनात सतत चालू आहे. तुम्ही ज्याला उणेपण म्हणता ते तिने दडवलेलं नाही, ते तिने देहबोलीत आणलंय. ते आपल्याला सुंदर दिसलं तर दोष आपल्या डोळ्यांचा असेल, तिच्या कामाचा नाही.

आणि ही बाई आयुष्यभर पांढऱ्या साडीतच वावरली असंही नाही. १९५८ च्या ‘दिल्ली का ठग’मध्ये तिने पोहण्याचा पोशाख घातला, तोही त्या काळात. ज्या वर्षी ‘बंदिनी’ त्याच वर्षी ‘तेरे घर के सामने’, देव आनंदबरोबर, खट्याळ, शहरी, फुलपाखरासारखी. तेव्हा साध्या वेषाशिवाय तिला दुसरं काही जमत नव्हतं, अशातला भाग नाही. तिला सगळं येत होतं आणि कुठे काय सोडायचं हेही कळत होतं. एकाच वर्षी ही दोन टोकं इतक्या सहजपणे सांभाळणारी दुसरी नटी माझ्या डोळ्यांपुढे चटकन येत नाही.

साशंक : ‘सोडायचं’ हा शब्द तुम्ही वापरलात. सोडायला आधी हातात असावं लागतं. नूतन शोभना समर्थांची मुलगी. ‘रामराज्य’मधली सीता म्हणून ज्या आईला अख्खा देश ओळखत होता, त्या आईने चौदा वर्षांच्या मुलीला १९५० साली ‘हमारी बेटी’तून पडद्यावर आणलं, पुढे शिकायला स्वित्झर्लंडला पाठवलं. अशा घरातल्या मुलीच्या अंगावर सुती साडी आली की लोक तिला अभिरुची म्हणतात. मी नूतनला दोष देत नाही. तिने काम जीव ओतून केलं, पाच वेळा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं, ते योग्यच होतं. मी बोलतेय ते पाहणाऱ्यांच्या नजरेबद्दल. जिला काही सिद्ध करायचं नसतं तिचा साधेपणा उठून दिसतो. जिला रोज सिद्ध करावं लागतं तिचा साधेपणा म्हणजे नुसती गरिबी.

आणि कापडाचीच गोष्ट करायची तर पुढे काय झालं बघा. नायलॉन आलं, टेरिलिन आलं. धुतलं की तासाभरात वाळतं, इस्त्री नको, खळ नको, रंग जात नाही, वर्षानुवर्षं फाटत नाही. कष्टकरी बायकांनी ते आनंदाने उचललं. मग हळूहळू सुती आणि हातमागाची साडी शिकल्यासवरल्या, बऱ्या घरच्या बायकांची खूण झाली. तिला खळ लागते, इस्त्री लागते, म्हणजे कुणाचा तरी वेळ लागतो. जे एके काळी गरिबाचं होतं ते महाग झालं, आणि मग त्याला ‘साधं’ म्हणायची पद्धत पडली.

माझी आई चार घरची कामं करायची. त्यातल्या एका घरच्या बाई फार चांगल्या होत्या, अगदी मनापासून सांगते. दर दिवाळीला त्या आपल्या वापरलेल्या सुती साड्या आईला द्यायच्या, धुवून मऊसूत झालेल्या, फिकट. देताना म्हणायच्या, तुला हे साधंच शोभतं. आई त्या कामावर नेसायची. पण पहिल्यांदा चार पैसे शिल्लक पडले तेव्हा तिने नायलॉनची साडी आणली. एवढाल्या नारिंगी फुलांची, चकाकणारी. ती घडी घालून ट्रंकेत सगळ्यात वर ठेवायची, म्हणजे झाकण उघडलं की आधी ती दिसावी. तुमच्या अभिरुचीच्या फूटपट्टीने ती साडी कुठे बसते?

रसिक : कुठेच बसत नाही, आणि यात ती फूटपट्टीच तोकडी पडते. मला ती नारिंगी फुलं आता डोळ्यांसमोर दिसतायत. पण तुम्ही ‘सौदागर’ पाहिलाय ना, १९७३ चा? मला वाटतं तुमच्या आईच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ नूतन तिथे पोचली. माजुबी, विधवा, गूळ करणारी. खजुराचा रस कढईत आटवायचा, कधी उतरवायचा ते हाताला कळायला हवं. अमिताभ बच्चनने केलेला मोती तिच्याशी निकाह लावतो तो तिच्या हातच्या गुळासाठी. त्या गुळावर पैसा साठवतो आणि त्या पैशावर तरण्याताठ्या, नटव्या फूलबानोला घरात आणतो. हा चित्रपट रंगीत आहे, म्हणजे तुमचा रिळाचा आक्षेप इथे लागू होत नाही. एकीकडे नटणारी फूलबानो, दुसरीकडे कढईच्या धगीसमोर बसलेली माजुबी. साधेपणाला तिथे काडीचंही बक्षीस नाही. तो पाहून कुणी भाळत नाही, उलट त्याच्यामुळेच तिला टाकलं जातं. आणि फूलबानोच्या हातून रस करपतो तेव्हाही नूतन आपल्या वेषातून ‘बघा, मी श्रेष्ठ’ असं म्हणत नाही. तिथे साडी म्हणजे कामाचा कपडा आहे, आचेजवळ वावरायचा. मी मघाशी म्हटलं की कपड्याने मधे यायचं नाही. आता वाटतं ते अर्धंच होतं. तिथे कपडा तिचं काम सांगतो, तिच्या कष्टाला शैलीची गरज पडू देत नाही.

साशंक : ‘सौदागर’बद्दल मी तुमच्याशी भांडणार नाही. पण एक सांगा, नूतनच्या शैलीचं कौतुक करणाऱ्या लेखांबरोबर माजुबीचं छायाचित्र कधी छापलेलं पाहिलंय तुम्ही? मी तरी नाही. ‘सुजाता’ असते, ‘बंदिनी’ असते. धग, घाम आणि टाकलेपण दिसायला लागलं की त्याला शैली म्हणायला जीभ वळत नाही. म्हणजे आपल्याला किती साधेपणा चालतो याचीही एक रेघ आहे, आणि ती नूतनने आखलेली नाही.

रसिक : छायाचित्राबद्दल तुम्ही म्हणता ते खरं असावं. माझ्याही भिंतीवर ‘बंदिनी’च आहे. मी ती काढणार नाही, कारण त्या चेहऱ्याने मला जे दिलंय ते खोटं नाही. पण यापुढे ती पाहताना माजुबी आठवेल. एक विचारू का? तुमच्या आईने ‘सुजाता’ पाहिला होता?

साशंक : पाहिला होता. शेजाऱ्यांच्या टीव्हीवर, रविवारी संध्याकाळी. मी शाळकरी होते, तिच्या मांडीला टेकून बसले होते. तुमचा तो प्रश्न मीही तिला विचारला होता, पोरकटपणे, हिच्या साडीचा रंग कोणता गं? तिला क्षणभरही विचार करावा लागला नाही. म्हणाली, ती त्या रमाच्या आईची जुनी साडी आहे, धुवून धुवून रंग गेलाय तिचा.

रसिक : हे उत्तर मला आजवर कुणीच दिलं नव्हतं.

साशंक : देणार कोण? तुम्ही ज्यांना विचारलंत त्यांच्यापैकी बहुतेकींनी आपल्या साड्या स्वतः विकत घेतल्या असतील. पण पुढचं ऐका, कारण ते तुमच्या बाजूचं आहे. टेलिफोनचा प्रसंग सुरू झाला आणि आईचं बोलणं थांबलं. आमच्या खोलीतून भात खाली लागल्याचा वास येत होता, मी तिला दोनदा हलवलं, ती उठली नाही. गाणं संपेपर्यंत तिने पदर तोंडाशी धरला होता.

रसिक : म्हणजे तिनेही शेवटी चेहराच पाहिला.

साशंक : पाहिला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रंकेतली ती नारिंगी फुलांची साडी काढली आणि ती नेसून कामाला गेली.